वास येतोय का

३ मार्च, दुपार
धाराशिवच्या दवाखान्यात दाखल झालो, उद्या हर्नियाचं ऑपरेशन. भूमला सिमेंटच्या गोण्या पाठीवर वाहून स्वतःचं दुकान टाकलं, त्याचं हे बक्षीस. घाबरलेलो नाही. बजरंगदादा अपेंडिक्सनंतर टाके पिकून गेला, पण दादा कुणाचं ऐकायचाच नाही. मी नियमातला माणूस.
महेश्वरी सिस्टरनी सांगितलं : साबणानं आंघोळ, ऑपरेशनच्या जागी वस्तरा लावायचा नाही, ओरखड्यातून जंतू शिरतात. नंतर पट्टीला हात लावायचा नाही. शेजारच्या खाटेवरच्या सिद्रामप्पांना मी हेच परत समजावलं. सिस्टरपेक्षा बरं.

४ मार्च
झालं. कंबरेखाली बधिर, कान मात्र जागे. सिस्टर कुणाला तरी म्हणाल्या, हातमोजा टेबलाला लागला, बदला. त्यानं मुकाट बदलला. दादाच्या वेळी असं कुणी बोललं असेल का?
पडद्यापलीकडं दादासारखंच कुणीतरी खोकलं. दवाखान्यात खोकणारे लई.

६ मार्च
घरी. नियम लावला : बघायला येणाऱ्यानं हात धुवायचे, खाटेवर टेकायचं नाही. सरपंचालाही उभं ठेवलं.

८ मार्च
सासूबाई तुळजापूरहून अंगारा घेऊन आल्या. कपाळाला लावला, चिमूटभर उरला. आगीतून निघालेली वस्तू, तिच्यात जंतू कसा जगेल? पट्टीची कड उचलून टाक्यांवर सोडला, पट्टी होती तशी दाबली. हात धुतलेले होते. सिस्टरना कळवण्याएवढं काही नाही.

१० मार्च
टाके गरम. ऊनच तसं आहे. थंडीही वाजतेय, पंखा बंद करायला लावला. हवामानाचा काही भरवसा राहिला नाही.
दादा पायथ्याशी बसलाय. शेवटी शेवटी रोज विचारायचा तेच विचारतो, "लिंबा, वास येतोय का रं?" मी म्हणायचो, न्हाय दादा. खोटं कशाला बोलू? तेव्हा मला सर्दी होती.

११ मार्च, सकाळ
पट्टी ओली, पिवळसर. घाम असणार.
बायकोनं, हरणाबाईनं, चहा ठेवला आणि लगेच मागं सरली. विचारलं, वास येतोय का गं?
"न्हाय."
मग पदर नाकाला कशाला, म्हटलं.
"सर्दी झालीया."
पायथ्याकडं बघितलं. दादा मान खाली घालून बसलेला.
म्हटलं, गाडी बोलाव. अंगाऱ्याचं सिस्टरना मीच सांगतो.