रविवारी मळ्यात येणारी घोडी

उस्ताद, तुम्ही गेल्याला वीसेक वर्षं तरी झाली असतील आणि मी आत्ता कुठं तुमच्याशी बोलायला बसलेय. माझी लेक गंगापूरच्या बाजूला एका क्लबात घोडेस्वारी शिकायला जाते. तिचा शिकवणारा तरुण आहे, बूट चकचकीत, एक डोळा कायम मोबाइलवर. पोरगी आखडली की हा लांबूनच ओरडतो, ‘डरो मत, डरो मत,’ आणि ती आणखी आखडते. मी कुंपणाला टेकून बघत असते. मुलगा वाईट नाही हो, पण भ्यायलेल्याला भिऊ नको म्हणून काही उपयोग नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मला ते कळतं, कारण मी तुमच्याकडं शिकले.

आमचा फुलांचा मळा वडनेरच्या बाजूला आणि वडील देवळाली कॅम्पात फुलं पोचवायचे. फौजेतून निवृत्त होऊन तुम्ही तिथं मैदानाच्या कडेला दोन-तीन घोड्या पाळल्या होत्या, साहेब लोकांची मुलं शिकायला यायची. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालेलं. सायकलच्या दांडीवर बसून आलेली मी तोंड उघडं टाकून घोडीकडं बघत राहिले, तर तुम्ही वडिलांना म्हणालात, ‘हिले रविवारी लई ये,’ म्हणजे घेऊन ये. सटाण्याकडचे तुम्ही, सगळी नोकरी हिंदीत झाली तरी जिभेवरची अहिराणी काही गेली नव्हती. मला वाटलं आता घोडा उधळणार, वारा प्यायलेला वगैरे. कुठलं काय! कित्येक महिने हातात लगाम नाही, पाय टेकवायला रिकीब नाही. तुम्ही मधोमध उभे, लांब दोरीनं घोडी गोल फिरवताय आणि विचारताय, ‘काल काय खाल्लं, सांग.’ घोडी दुडक्या चालीनं निघालेली, मी पोत्यासारखी हिंदकळत सांगतेय, बाजरीची भाकरी, मेथी, मिरचीचा खुडा, मग आईनं ताक दिलं. बोलणाऱ्याला श्वास कोंडून धरता येत नाही, एवढीच तुमची युक्ती. ताकापर्यंत पोचेस्तोवर माझी पाठ सैल झालेली असायची. एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा तुम्ही घोडी थांबवलीत, माझ्या गुडघ्यावर तळवा ठेवलात आणि म्हणालात, ‘भेव वाटस का? मंग वाटू दे. घोडीले बी वाटस.’ त्यानंतर मला घोडीचीच काळजी वाटायला लागली आणि स्वतःकडं बघायला सवड उरली नाही.

मग तो दसरा. दसऱ्याला घोड्यांची पूजा, मग मला पाठीवर घेऊन घोडीची मैदानाला एक फेरी, आणि माळ आमच्या घरची. आईनं आदल्या दिवशी बसून झेंडूची माळ केली, घोडीच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारी. एवढं मोठं जनावर, साधा सुती दोरा कसा टिकेल, म्हणून तिनं ती नायलॉनच्या दोऱ्यात ओवली. फुलवाल्याच्या घरात हीच अक्कल चालते, माळ तुटली की नाक कापलं जातं. घोडीनं मान खाली घातली, पुढचा पाय माळेत गेला. सुती दोरा असता तर तटकन तुटला असता आणि फुलं सांडली असती, संपलं. नायलॉन तुटला नाही, घोडी घाबरून मागच्या पायांवर उभी राहिली आणि मी खाली. खांद्याचं हाड मोडलं. पडल्या पडल्या मला दिसत होतं, तुम्ही तिच्या पायातला दोरा कापताय, गुंडाळून खिशात टाकताय. आई धावत आली. ‘असली माजलेली घोडी पोरीला देता? लाज नाय वाटत?’ चारचौघांत काय काय बोलली तुम्हाला. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि म्हणालात, ‘चूक माझी, ताई.’

खांदा सांधला पण मी काही मैदानावर आले नाही. तर तुम्हीच घोडी घेऊन आलात. कॅम्पातून मळ्यापर्यंत, चालत, तिच्यावर न बसता. लिंबाला बांधली, ओट्यावर बसून चहा घेतलात. आई कप आदळूनच ठेवायची. पुढच्या रविवारी पुन्हा, थंडीभर असंच. ‘बस’ म्हणून एकदाही म्हणाला नाहीत. खरारा माझ्या हातात द्यायचात, मी तिची पाठ घासायची, ती आमची उरलीसुरली गाजरं खायची. मी एकदा हळूच विचारलं, ‘उस्ताद, दोरा नायलॉनचा होता ना?’ ‘मायले सांगू नको,’ तुम्ही म्हणालात. ‘तिनी जीव लाईसन गुंफेल व्हती.’

माझी भीती निघत चालली होती, उस्ताद. एका रविवारी तर मी तिच्या पाठीवर पोट टेकून लोंबकळलेसुद्धा, तुम्ही मुद्दाम दुसरीकडं बघत होतात. आणि त्याच दुपारी आई म्हणाली, ‘पोर मोठी झाली आता, उस्ताद. तुम्ही येत जाऊ नका.’ मी दारातच उभी होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. नुसतं पाहिलंत, मी काही बोलते का म्हणून. मी उंबऱ्याकडं बघत राहिले. ‘बरं, ताई,’ म्हणालात आणि घोडी सोडलीत. आणखी एक रविवार मिळता तर मी बसले असते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढं कॉलेज, लग्न होऊन नांदगाव; इकडं परत आलो ते अलीकडं, लेकीच्या शाळेसाठी. तुम्ही गेल्याचं वडिलांनी सांगितलं ते जेवता जेवता, ‘ते कॅम्पातले उस्ताद वारले म्हणे, झाले दोन-चार महिने.’ मी माहेरपणाला आले होते, भाजी वाढत होते, तशीच वाढत राहिले. नंतर मोरीत जाऊन रडले. तुमच्या घरचा पत्ता मला कधीच माहीत नव्हता, आज हे लिहिलेलं तरी कुणाला पाठवणार? लिहून झालं की कपाटात साड्यांखाली ठेवून देईन.

परवा लेक हट्टाला पेटली, ‘आई, तुला येतं ना? मग बस ना!’ बसले. इतक्या वर्षांनी, चाळिशी उलटल्यावर, त्या पोराच्या घोड्यावर. शिकवणारा म्हणाला, ‘मॅडम, डरो मत.’ एका फेरीतच उतरले. लेकीला म्हटलं, गुडघा दुखतोय गं, आणि ती बिचारी स्प्रे आणायला पळाली. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, उस्ताद. तुम्ही असतात तर माझ्या पाठीकडं बघूनच ओळखलं असतं, आणि मी उतरले नसते.