रेडिएटरातली हळद

दादा, शेटजींची ती लांब नाकाची गाडी परवा आपल्या गॅरेजात परत आली. तीच. दोन दारांची, आठ सिलिंडरची, कुण्या नवाबानं अमेरिकेतून मागवलेली आणि शेटजींनी हैदराबादच्या लिलावातून वसमतला आणलेली. ती मोंढ्यातून निघाली की हमाल पाठीवरची पोती खाली टाकून बघत उभे राहायचे, आठवतं का? तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. जिवंत होता तेव्हा तरी आपण बापलेक कुठं बोलत होतो? पान्हा दे, दिवा धर, हो बाजूला, संपलं. पण आज लिहायला बसले, कारण मला तुमचा राग आलाय आणि समोर तुम्ही नाही.

शेटजी गेले. त्यांच्या नातवाला आता जुन्या गाड्यांचा नाद लागलाय. औंढ्याच्या रस्त्यावर इंजन जाम झालं त्या दिवसापासून ती गाडी त्यांच्या हळदीच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून होती, कुणी हात लावला नव्हता. नातवानं ती पुण्याला नेऊन इंजन नव्यानं बांधून आणलं. तरी गाडी तापतेच. पंखा बदलला, पाण्याचा पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून फेकला, महागाचं हिरवं कूलंट ओतलं, आणि रेडिएटर मात्र तोच जुना, वरून काळा रंग मारून परत बसवलेला. पुण्यातल्या शहाण्यांनी त्याच्या आत डोकावायचे कष्ट घेतले नाहीत. शेवटी कुणीतरी त्याला सांगितलं की वसमतला एक बाई आहे, तिच्या बापानं ही गाडी सांभाळली होती. आला मग झक मारत.

मी एक चक्कर मारायला लावली. उभ्यानं तापत असेल तर पंख्याकडं बघ आणि पळताना तापत असेल तर पाण्याकडं, हे तुमचंच शिकवणं. उभ्यानं काटा शांत होता. साखर कारखान्याच्या वळणापर्यंत गेलो तर लालमध्ये. परत आणून इंजन बंद केलं आणि पंजा रेडिएटरच्या जाळीवर सपाट धरून फिरवला. दोन्ही कडा चटका देणाऱ्या आणि मधे गार. म्हणजे मधल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. "हात लाव, माय. डोळ्यानं काय बघून राहिलीस?" असं म्हणून तुम्ही माझं मनगट धरून तापलेल्या जाळीवर दाबायचे आणि मी ओरडले की अजून दाबायचे. शिकले मात्र मी पक्कं, ते नाही म्हणत नाही.

पोराला दम नव्हता. मी म्हणून राहिले, "साहेब, टोपणाला हात लावू नका, आत अजून उकळून राहिलंय," आणि त्यानं रुमाल टाकून टोपण फिरवलंच. मी त्याला कॉलर धरून मागं ओढला. हिरवं उकळतं पाणी छताच्या पत्र्यापर्यंत उडालं, माझ्या हातावर कोपरापर्यंत आलं, आणि तो पांढऱ्या शर्टासकट ऑइलमध्ये बसला. डोळे वाचले त्याचे. उठला आणि दोन्ही हातांनी मला छातीवर असं ढकललं की माझी पाठ शेगड्यावर आदळली. आपला तोच लोखंडी शेगडा, काम आवळून धरायचा, टेबलाला बसवलेला. "तुमच्या खानदानाची सवयच हाय का ही? तुझ्या भावानं पाणी न घालता आमची गाडी जाळली, माझ्या आजीला भर उन्हात रस्त्यावर बसवलं. आता तू मला जाळतीस व्हय गं?" समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन बघायला आली.

दादा, तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे ते. ट्रकवाल्याच्या मागं चाकाचा पान्हा घेऊन बसस्टँडपर्यंत पळालेली बाई मी. आणि मी काय म्हणाले? "चुकलं, साहेब." हाताची कातडी सोलून निघत होती आणि मी वर परत म्हणाले, "चुकलं."

मग रेडिएटर उतरवला. तो बाजूला उभा राहून शर्ट झटकत होता. वरच्या पितळी टाकीचा कथलाचा जोड दिव्यानं वितळवला आणि टाकी उचलली. नळ्यांची तोंडं दिसलीच नाहीत. वर एक जाड थर बसला होता, लालसर, विटेच्या रंगाचा. मला वाटलं गंज असेल. पेचकस मारून एक खपली काढली, मोडली, तर आत पिवळी. आपल्या विहिरीच्या पाण्यात चुना आहे, त्यानं वरून लाल झाली होती इतकंच. वास पार मेलेला. पण मोंढ्याच्या दारात वाढलेल्या माणसाला हळद ओळखायला वास लागत नाही.

आपल्याकडं सगळेच करतात ते. बारीक गळती असली की मूठभर हळद पाण्यात सोडायची, ती फुगून भोकात बसते आणि गाडी घरापर्यंत पोचते. मीही करते. पण मूठभर, आणि घरापर्यंतच. मग रेडिएटर उतरवून गळतीला कथलाचा डाग द्यायचा असतो. तुमचा तो तुपाचा जुना डबा माझ्या डोळ्यांपुढं आला, मोंढ्यातल्या झाडलोटीच्या हळदीनं भरलेला, गाडीच्या पुढं ठेवलेला. शेटजींना गाडी रोज पाहिजे होती, आणि दोन दिवस गाडी राहू द्या म्हणायची तुमची छाती नव्हती. गळाली की ओत हळद. परत गळाली की परत ओत. डबेच्या डबे गेले असतील त्यात. भाऊ रोज सकाळी पाणी भरत होता, दादा. बराबर भरत होता. पाणी फिरायला वाटच नव्हती.

नातू वाकून म्हणाला, "हे काय हाय?"

सांगायची वेळ होती ती. हॉटेलातली माणसंही अजून तिथंच होती. मी म्हणाले, "गाळ हाय, साहेब. जुना." तो गेल्यावर मी तो सगळा थर ऐरणीवर घेतला आणि हातोड्यानं कुटत बसले. भुगा झाला तरी कुटत होते.

आता तो दिवस. शेटजींची गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली आहे. शेटजी पुढं, मागं त्यांची दोन माणसं, हातात काठ्या. मी टायरींच्या ढिगावर बसून गोळी चोखते आहे. शेटजी आवाज चढवत नाहीत. "कुणी मारली माझी गाडी?" एवढंच विचारतात. तुम्ही शेटजींकडं बघता, मग काठ्यांकडं, आणि मग भावाकडं. भाऊ कोपऱ्यात नटबोल्ट धुऊन राहिला आहे, मिसरूड नुकतं फुटलेलं. तुम्ही खिळ्यावरचा जुना फॅनबेल्ट काढता. "पाणी घातलं न्हाई व्हय रे?" भाऊ तोंड उघडतो आणि पहिला फटका तोंडावरच बसतो. मग पाठ, मग मांड्या, मग तो खाली पडल्यावर कुठंही. बेल्ट हवेत शिट्टी वाजवतो. डाव्या कानावर बसला तेव्हा भावानं ओरडायचं थांबवलं, आणि कानातून रक्ताची रेघ मानेवर आली. शेवटी शेटजीच म्हणाले, "पुरे कर, मरंल पोरगं." काठीवाले हसले. गाडी दोराला लावून घेऊन गेले.

इथवर माझं कितीदा तरी आठवून झालं आहे. त्यापुढचं घरातलं आठवत नाही असं मी स्वतःला सांगायचे. आठवतं. तुम्ही आत आलात, कडी लावली, आणि बेल्ट अजून हातातच होता. आई चुलीपाशी होती. भाऊ भिंतीला धरून बसला होता आणि तुम्ही परत सुरू झालात. आता बघायला कुणी नव्हतं. आई मधे पडली तर तिच्या मनगटावर बसला, बांगड्या फुटून पिठात पडल्या. "माझी इज्जत घालवली, माझी रोटी घालवली," असं तुम्ही म्हणत होता आणि मारत होता, आणि दादा, तुम्ही ते मनापासून म्हणत होता. उजाडायच्या आत भाऊ निघून गेला. निजामाबादला ट्रकवर लागला, तिथलाच झाला. तुमच्या मातीलाही आला नाही. त्याच्या जागी तुम्ही मला गॅरेजात उभी केली आणि पोरीला काय शिकवता म्हणणाऱ्यांना शिव्या घातल्या. लोक अजून त्याचं कौतुक करतात.

काल मी भावाला फोन लावला. आमचं बोलणं दिवाळीला होतं तेवढंच. डाव्यानं ऐकू येत नाही, फोन उजव्या कानाला न्यायला त्याला वेळ लागतो, मी थांबले. म्हटलं, भाऊ, ती गाडी आली होती. रेडिएटर उघडला. हळदीनं गच्च होता. तू पाणी विसरला नव्हतास, तुझी काहीच चूक नव्हती. मला वाटलं होतं तो रडेल, निदान तुम्हाला शिव्या तरी देईल.

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "डबा मीच धरत होतो ना, बाई."

मी म्हणाले, "तर मग बोलला काहून न्हाई?"

"काय बोलू? त्या दोघांच्या हातात काठ्या होत्या. मी बोललो असतो तर त्यांनी दादाला फोडला असता. दादा म्हातारा होऊन चालला होता, त्यानं झेललं नसतं. मी झेललं." ट्रकचा हॉर्न वाजला मागं कुठंतरी. "तिथं मारलं ते मला कळलं, बाई. दादानं डोळ्यानं सांगितलं मला, झेल म्हणून. मी झेललं. मला वाटलं, घरी गेल्यावर पाठीवर हात फिरवंल." मग म्हणाला, "घरी येऊन परत मारलं ते काहून? तू तिथंच होतीस. तुला कळलं का कधी?"

मी म्हणाले, "न्हाई रे. मला काय म्हाईत."

त्यानं फोन ठेवला. त्याचा तो प्रश्न तुम्हाला पाठवावा म्हणून मी वही काढली. माणसानं तुमच्यासाठी कान दिला आणि एवढंच विचारून राहिलाय. तुमच्यावर थुंकावं असं वाटतंय मला. कुठं पाठवू पण? वसमतच्या पोस्टात टाकून मसणवट्याचा पत्ता घालू?

शिवाय खरं सांगायचं तर मी त्याच्याशी खोटं बोलले. मला माहीत आहे काहून ते. परवा त्या पोरासमोर "चुकलं, गाळ हाय" म्हणून मी घरी आले. हाताची आग होत होती आणि छातीत ते दोन्ही पंजे तसेच. माझी लेक चुलीपाशी होती. मला बघून म्हणाली, "आई, आज उशीर काहून केला?" एवढंच म्हणाली ती, आणि मी तव्यावरचं तापलेलं उलथनं उचलून तिच्याकडं फेकलं. "तुझ्यापायी मरून राहिले मी," असं काहीतरी ओरडले, आणि ते मनापासून ओरडले. उलथनं तिच्या कोपराला लागलं. कातडी तिथल्या तिथं फुगली.

मग मी भानावर आले. डब्यातली हळद तेलात कालवली आणि तिच्याजवळ बसले. तिनं हात पाठीमागं घेतला. वाटी माझ्याकडून काढून घेतली, तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाली, "राहू दे. मी लावते माझी."