दुसऱ्या पाण्याची कॉफी

४ एप्रिल १९५९, मल्लेश्वरम

घरच्या पितळी कॉफी-फिल्टरविरुद्ध तक्रार नोंदवून ठेवतो. काल संध्याकाळी पुडीवर माठाचं पाणी ओतलं. सकाळी खाली जेमतेम चार चमचे. भगीरथाला गंगा याहून लवकर मिळाली असावी.

पोटातल्या व्रणामुळे डॉ.नी सौ.ची गरम कॉफी बंद केली, सौ.नं जेवण बंद केलं. शेवटी तह: गार पाण्यात भिजवलेली, भरपूर दूध घालून, रोज अर्धा पेला. करणार मी. जन्माचा चहाबाज!

६ एप्रिल

पूड जाड हवी, दाबायची नाही. सौ.चे सगळे धडे अंथरुणातून. आज धार बरी.

एक घोट घेऊन, "अहो, ही कॉफी की दौत धुतलेलं पाणी?"

म्हटलं, "तुझ्यासाठी समुद्रमंथन चाललंय."

"म्हणूनच. आधी विषच निघालं होतं ना?"

दुपारी तिनं दोन घास भात जास्त खाल्ला. मी दिवसभर खूष.

९ एप्रिल

पुण्याच्या दैनिकाला माझं बातमीपत्र रवाना. आजचा निकाल: "स्वल्प बरी." पंचवीस वर्षांच्या संसारातली सर्वोच्च पदवी. "उद्या आणखी कडक करा."

तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. सोमवारी डॉ. येऊन ऑपरेशनचं ठरवणार.

१२ एप्रिल

सकाळी पेला दिला. संपवला. म्हणाली, "छान झालीय."

मी हवेत. अक्का, तिची थोरली बहीण, आली तर तिला दारातच ऐकवलं. अक्कानं जाऊन फिल्टर उघडला.

"भावोजी, ही कालचीच पूड की हो! नुसतं पाणी ओतलंत?"

खरंच. विसरलो. दुसऱ्या पाण्याची कॉफी! या घरात ती फक्त लवकर जावेत अशा पाहुण्यांना. सौ.नं स्वतः कधी ओठाला लावली नाही.

अक्का हसली. मग तळाशी उरलेली चमचाभर चाखली नि फिल्टरचं झाकण लावून टाकलं.

सौ.ला काही विचारलं नाही. तिला चव कळेनाशी झालीय, की आता मला टोकायचं नाही असं ठरवलंय...

संध्याकाळी नवी पूड भरली. मुद्दाम गच्च दाबून. उद्या डॉ. यायच्या आत तिला देणार. तिनं नावं ठेवावीत, एवढंच.

नाही ठेवली तर? ती जाईल याची मला भीती वाटते.