कार्डावरचं नाव

कुंभारी, सोलापूर
१० जून २०२५

चि. सौ. संघप्रिया हिस,
आईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. एसटीत खिडकीची जागा मिळाली, टेंभुर्णीला चहा घेतला आणि तीनच्या सुमारास घरी आले. शेजारच्या रत्नम्माने कुलूप काढायच्या आत भाकरी आणून दिली. आठ दिवसांत पुण्यानं तुला पार वाळवली की, असंही ऐकवलं. मी म्हटलं, लेकीच्या घरी राबायला गेले होते, जेवायला नाही.

व्याह्यांचा गुडघा कसा आहे? जिना इतक्यात चढू देऊ नका. त्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने ऑपरेशनचं सगळं विम्यातून पास झालंय, काही भरायचं नाही असं सांगितलं, तेव्हा मी डबा घेऊन तिथेच उभी होते. बाकावरच्या बाईला मी न विचारता सांगून टाकलं की माझ्या मुलीची कंपनी सासरच्यांना आणि माहेरच्यांना, दोघांनाही सांभाळते. तू तेव्हा औषधं आणायला खाली गेली होतीस.

आता माझं. तुझ्या घरात आधीच एक पेशंट होता म्हणून तिथे बोलले नाही. फेब्रुवारीपासून माझी पाळी थांबत नाही. काल डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. पिशवीत गाठी आहेत आणि रक्त सातवर आलंय. महिनाभर गोळ्या घेऊन पिशवी काढायची, त्यापुढे लांबवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. चौदा जुलै ठरली आहे. असलं दुखणं फोनवर कसं सांगायचं? तुझा फोन वाजला की सगळं घर ऐकतं. म्हणून तू हॉस्टेलात असतानासारखं पत्र, आणि तेही ऑफिसच्या पत्त्यावर.

तू घाबरू नकोस. आपलं विम्याचं कार्ड आहे. जुनं मी लॅमिनेट करून बाबांच्या फोटोमागे ठेवलंय, यंदाचं नवीन तेवढं पाठव. बाबांनी काढलेली पॉलिसी अकरा वर्षं चालू होती. दोन वर्षांपूर्वी तू ती बंद करायला लावलीस, कंपनीचा विमा पहिल्या दिवसापासून सगळं देतो म्हणालीस, तेव्हा मी किती कुरकुर केली होती. पण गेल्या साली त्याच कार्डावर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुझं ऐकलं ते बरं केलं असं वाटलं.

बाळाला पापा. आईवरची माया आहे तशी राहू दे.
तुझी,
आई


पुणे
२३ जून २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. वस्तीतल्या बायकांना दटावून लोहाच्या गोळ्या खायला घालणारी अंगणवाडीची सेविका तू, आणि स्वतःचं चार महिने अंगावर काढलंस. तुझ्या अंगणवाडीतली पोरं शहाणी म्हणायची.

पण आई, तारखेची घाई करू नकोस. हल्ली डॉक्टर लगेच पिशवी काढायला सांगतात. सिद्धांतची मावसबहीण नुसत्या गोळ्यांवर बरी झाली. तू दुसऱ्या कुणाला दाखव. दिवाळीपर्यंत थांबता आलं तर बरं, आणि मार्च ओलांडता आला तर फारच बरं. तोवर मलाही रजा मिळेल.

कार्डाचं म्हणशील तर यंदा कंपनीने विमा कंपनी बदलली आहे, नवी कार्डं आलेली नाहीत. आली की पाठवते. तोवर दवाखान्यात कार्डाचा विषय काढू नकोस.

पप्पांचा गुडघा सुधारतोय, आता काठीशिवाय चालतात. मम्मींना तुझी शेंगाचटणी फार आवडली. बाळ रोज आजीसारखं पिठलं कर म्हणून हट्ट करतो आणि मी केलेलं तसंच ठेवतो.

तब्येतीला जप. माझ्यावर कधी रागावू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
संघप्रिया


कुंभारी
१६ जुलै २०२५

संघप्रिया,
जयभीम.

आज मायना एवढाच. पुढचं लिहायला हात होत नाही.

चौदा तारखेला कपडे-भांडी बांधून घेऊन मी आणि रत्नम्मा दवाखान्यात गेलो. नवीन कार्ड नसलं तरी तुझा कंपनीतला नंबर जुन्या कार्डावर होता. विम्याच्या खिडकीवरच्या मुलीने तो कॉम्प्युटरवर टाकला. मीनाबाई धर्मपाल शिवशरण, असं नाव त्यात नाही म्हणाली. मी तिला म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर चुकला असेल, माझ्या मुलीच्या हातून असली चूक व्हायची नाही. तिने बिचारीने तीनदा पाहिलं आणि मग पडदाच माझ्याकडे वळवला. तुझं नाव होतं, सिद्धांतचं होतं, बाळाचं होतं. त्याखाली तुझे सासरे आणि सासूबाई. एक एप्रिलपासून.

तिनेच मला समजावलं की तुझ्या कंपनीत आईवडील नाहीतर सासूसासरे, एकच बाजू घेता येते, आणि बदल करायचा तर वर्षातून एकदाच. रत्नम्मा तिच्यावरच उखडली. लेकीच्या विम्यात आई न्हाय तर कोन असतंय, नीट बघ की, म्हणून आवाज चढवायला लागली. मी तिचा दंड धरून बाहेर आणली. लोक बघत होते.

घरी आल्यावर बाबांच्या पॉलिसीच्या ऑफिसात फोन केला. नवी काढा म्हणाले, पण या दुखण्याला दोन वर्षं थांबावं लागेल. अकरा वर्षं जुन्या पॉलिसीत ही थांबायची मुदत कधीच संपलेली होती. ती मी तुझ्या शब्दावर सोडली.

व्याह्यांचा गुडघा व्हायला नको होता असं मी म्हणत नाही. मार्चमध्ये एक शब्द बोलली असतीस, तर मार्च संपायच्या आत मी माझं उरकून घेतलं असतं. तेव्हाही त्रास होताच. पण तू बोलली नाहीस. माझं नाव काढून ज्यांचं घातलंस, त्यांनाच मी आठ दिवस डबे पोचवले. तुझ्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी त्या बाईला कौतुकाने सांगत होते तेव्हा तू औषधं आणायला खाली गेलीस. मला वाटलं होतं, खरंच औषधं आणायची असतील.

आणि एवढं होऊन रक्त सातवर आलेल्या आईला तू लिहिलंस की मार्च ओलांड. नाव काढलंस त्याहून हे मला जास्त लागलं. तू मला फसवलंस, संघप्रिया. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आई


पुणे
२५ जुलै २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म भरायचा होता. मम्मी एवढंच म्हणाल्या की पप्पांचे गुडघे गेलेत, तुझी आई ठणठणीत आहे. सिद्धांत काही बोलला नाही. मीही मनात तेच म्हटलं, की आईला काय होतंय. माझा हात कुणी धरला नव्हता. नाव मीच काढलं.

सांगेन सांगेन म्हणत राहिले. मग तू डबे घेऊन आलीस. तू जितकी खुशीत होतीस तितकं मला बोलणं जड झालं. मार्चचं लिहिलं ते एवढ्यासाठी की एप्रिलमध्ये तुझं नाव गुपचूप परत घालावं आणि तुला काही कळूच नये. तुझ्या दुखण्यापेक्षा मी माझी लाज जपली.

मी कर्जासाठी अर्ज केलाय, थोडे पैसे आजच तुझ्या खात्यावर टाकलेत. चांगल्या दवाखान्यात करून घे. पुढच्या शनिवारी मी येते. मला मार, पण येऊ नकोस म्हणू नकोस.

तुझ्या मायेला पारखी करू नकोस.
संघप्रिया


कुंभारी
२२ ऑगस्ट २०२५

चि. संघप्रियास,
आशीर्वाद.

त्या शनिवारी येऊ नकोस असा निरोप रत्नम्माकडून दिला होता, तो तू पाळलास ते बरं केलंस. बारा तारखेला सरकारी दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं, रेशन कार्डावरच्या योजनेत. तुला मुद्दाम कळवलं नाही. आधी रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. आता बरी आहे, वजन उचलायचं नाही एवढंच. तुझे पैसे तुझ्या खात्यावर परत केलेत, पाहून घे.

नातेवाईक म्हणून रत्नम्माने सही केली. नर्सने नातं विचारलं तेव्हा ती आधी शेजारीण म्हणाली. मग म्हणाली, ते खोडा, भन लिवा.

वस्तीतल्या साठ-सत्तर बायकांची या योजनेची कार्डं मी स्वतः रांगेत उभी राहून काढून दिली. माझं मात्र काढलं नव्हतं. मला कशाला हवं, माझी लेक आहे, असं मी त्यांना सांगायची. आता त्या बायका रोज डबा घेऊन येतात आणि तुझ्याबद्दल मुद्दाम काही विचारत नाहीत. ते मला सोसत नाही.

अजून काही दिवस येऊ नकोस. समोर उभी राहिलीस की मी सगळं विसरून जाईन, आणि मला इतक्यात विसरायचं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. ऑपरेशनच्या आधी रेशन कार्ड नीट करायला कार्यालयात गेले होते. कार्डावर तीन नावं आहेत. बाबांच्या नावावर रेघ मारलेली, मग माझं, खाली तुझं. तिथले अण्णाराव म्हणाले, बाई, मुलीचं लग्न होऊन पाच वर्षं झाली, नाव कमी करून टाका, एका सहीचं काम आहे. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. खोटं कशाला सांगू, पेन मी हातात घेतलं होतं. रत्नम्मा शेजारून व्हय म्हन, व्हय म्हन करत होती. मी फॉर्म तसाच परत दिला. अण्णारावांना म्हटलं, राहू द्या. कुणाचं नाव कमी करायचं तर आधी त्या माणसाला विचारावं लागतं, आणि ती इथे नाही.

बाळाला पापा.
तुझी,
आई