स्क्रीनला हात लावू नये

सोमवार, २४ जून २०१३
माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या ऑफिसला नवा कंप्युटर दिला. सिस्टीम एकदम नवी. स्टार्टचं बटणच नाही, नुसत्या रंगीत चौकटी. मुख्याध्यापिका विजयाबाईंनी विचारलं, भाऊसाहेब, जमेल ना? हसलो. हेडक्लार्क कोण आहे इथे?
दुपारी चुकून एका चौकटीवर क्लिक झालं. स्क्रीनभर दिल्लीचं हवामान. बंद करायला फुली नाही. प्लग ओढणार नाही. ती अडाण्यांची रीत.

मंगळवार, २५ जून
सकाळी आलो तर दिल्ली गायब. मशीन स्वतःच दुरुस्त होतं. विजयाबाईंना म्हणालो, सेटिंग केलं.
चार दाखले छापले. जेवणानंतर पुन्हा दिल्ली. हरकत नाही, सकाळी जाईल.

बुधवार, २६ जून
दिल्ली गेली होती, पण स्क्रीनवर ओल्या फडक्याचे पट्टे! शिपाई रतनबाईला झापलं. काचेला हात लावायचा नाही, हे मी वीस वर्षं सांगतोय. स्क्रीनच्या कडेला कागद चिकटवला : स्क्रीनला हात लावू नये. रतनबाई म्हणाली, पुसलं न्हाई तर भाऊसाब... पुढचं ऐकून घेतलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.
दुपारी बारावी झालेली शिफा दाखला मागायला आली. नर्सिंगचा प्रवेश आहे, शनिवारी बाराच्या आत नगरला कागद द्यायचेत. तोवर दिल्ली आली होती. उद्या ये म्हणालो.

गुरुवार, २७ जून
सकाळीही दिल्लीच. ३९ अंश.
शिफाला सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगितलं. आपल्याकडे सर्व्हर नाही.
लाइट गेली की सुटेन. जामखेडात दिवसातून चारदा जाते.

शुक्रवार, २८ जून
लाइट गेली नाही!
शिफाची आई बानू सकाळपासून बाकावर. म्हणाली, पोरीचं वरीस जाईल वो भाऊसाब. दाखला हातानं लिहून देतो म्हणालो. विजयाबाई म्हणाल्या, छापीलच लागतो, मेकॅनिक बोलवू का? मी असताना मेकॅनिक?
चहा प्यायलो नाही.

शनिवार, २९ जून, सकाळी ७.४०
दिल्ली. बानू. शिफा. विजयाबाई दारात.
रतनबाई झाडू टेकवून म्हणाली, भाऊसाब, आता तरी पुसू का? मी मान हलवली. फडकं आणलंच नाही तिने. नुसतं बोट वरून खालपर्यंत ओढलं. दिल्ली गेली.
म्हणाली, तुमी यायच्या आदी रोज पुसताना जायचं की ते. मला वाटलं, तुमाला ठावं हाय.
दाखला छापला. शिफा आठची एसटी गाठायला निघाली. जाताना माझ्या पाया पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी, ११.३०
कागद काढून टाकला. सगळे गेल्यावर एकट्यानं बोट ओढून पाहिलं. सोपं आहे. फक्त आता क्रिकेटचा स्कोअर आलाय आणि तो जात नाही.
सात दाखले बाकी आहेत. सोमवारी रतनबाई रजेवर. सगळ्यांना फोन करून मंगळवारी बोलावलंय. सर्व्हर डाऊन आहे.