ताईच्या तोंडी दुसरीचा आवाज

प्रिय रुचिताताई,
सप्रेम जय भीम.

आज तेलीबांध्याच्या हॉलमध्ये आपल्या नाटकाची फिल्म दाखवली. बरं झालं, तू भिलाईहून आली नाहीस. पडद्यावर तूच आहेस, पण आवाज तुझा नाही. तुझे ओठ हलतात आणि कोणी दुसरीच बाई पुस्तकी मराठी बोलते.

मी दिग्दर्शक नीलेश सरांना विचारलं, "सर, हे काहून केलं?"

ते हसले. "अरे पोट्ट्या, तुमचं मले-तुले पुण्यात कोण ऐकंल? चेहरा तो उसीका है ना!"

तालमीत मात्र त्यांनीच तुला घरच्यासारखं बोलायला लावलं होतं. बाकी नटांचेही आवाज बदललेत, पण ते सगळे सरांसोबत चहा पीत होते.

आई पहिल्या रांगेत होती. तिला आता धूसर दिसतं, म्हणून ती कान देऊन बसली होती. दिवे लागल्यावर तिने विचारलं, "आपल्या रुचिताचं काम कापलं काय रे?"

मी म्हटलं, "हव."

उद्या ती तुझी समजूत घालायला फोन करेल. काम कापलं म्हणून तू रडशील. खरं कळण्यापेक्षा ते बरं, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

तुझा भाऊ,
संघर्ष