आजीच्या धापेचे स्वल्पविराम

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आधी तुझ्या आईने वाचलं, मग मी, मग आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता भांडी घासत बसलो. ती म्हणते पोरीला परत बोलवा. मी म्हटलं, अजून खुर्चीला ऊब नाही आली आणि परत कशाला? औषधाच्या खोक्यातले इंग्रजी कागद तपासायचे म्हणजे केवढं काम. माझ्या दम्याच्या पंपाच्या खोक्यातला कागद काल उलगडून बघितला. मुंगीएवढी अक्षरं. असल्या कागदावर माझ्या नातीची नजर फिरते म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना कौतुकाने दाखवला, तर त्या त्यात बटणं बांधून घेऊन गेल्या. ते जाऊ दे.

तुझ्या कागदावर ऑफिसातल्या थोरल्या बाईंनी लाल खुणा केल्या, महिनाअखेरच्या चाचणीत तेच दिसलं तर घरी जा म्हणाल्या, इतकं कळलं. पण चूक कसली ते तू गिळलंस. मला कळेपर्यंत समजावून सांग. रडून झालं असेल तर तोंड धुऊन लिहायला बस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तोंड धुतलं. दोन वाक्यं घे, दोन्ही पुरी, आपापल्या पायांवर उभी. इंग्रजीत त्यांना नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेलं चालत नाही, तो कमी पडतो. तिथे अर्धविराम हवा, म्हणजे वर टिंब आणि खाली शेपटी. किंवा स्वल्पविराम देऊन पुढे 'आणि', 'पण' असा शब्द घ्यायचा. 'ताप आला तर' असं अर्धवट काही आधी आलं, तर मात्र त्याच्यानंतर स्वल्पविराम पुरतो.

नियम पाठ आहे, हात चुकतो. का, ते काल उमगलं. हसू नकोस. तुला लिहिता येत नव्हतं तेव्हा तू पत्रं सांगायचीस आणि मी लिहायची. धाप लागून तू थांबलीस की मी स्वल्पविराम द्यायची. अजूनही कुठलाही कागद मनात तुझ्याच आवाजात वाचते. त्यामुळे माझे सगळे कागद धापा टाकतात.

आई लिहिते, तुझा दमा वाढलाय. येऊ का निघून? इथे तरी मी कोणाच्या कामाची आहे?

माया अशीच असू दे.
तुझी भिंगरी

ता. १७ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हसू नकोस म्हणालीस आणि मी इतकी हसले की पंप ओढावा लागला. माझा दमा इंग्रजी ऑफिसात नोकरीला लागला म्हणून तुझ्या आईला सांगितलं, तर ती चिडली. दमा होता तेवढाच आहे, इमारतीची लिफ्ट तेवढी बंद पडलीय.

आता नीट ऐक. उद्यापासून मला ऑफिसात न्यायचं नाही. कागद आवाजाने वाचूच नकोस. स्वल्पविराम दिसला की अलीकडचं तळहाताने झाक, पलीकडचं एकटं उभं राहतं का बघ. मग पलीकडचं झाक. दोन्ही एकटी उभी राहिली तर तुझा तो शेपटीवाला अर्धविराम दे. तुझ्याच पत्रावरून मी हे काढलंय. चुकलं असेल तर मला सांग, पण निघून यायचं नाव काढू नकोस.

जीव मला लावतेस तसा कामालाही लाव.
तुझी आजी

ता. २ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

नोकरी टिकली. चाचणीभर मी तळहाताने कागद झाकत होते. थोरल्या बाईंनी विचारलं, ऊन लागतंय का. लाल खुणा अजून आहेत, पण थोड्या. त्या म्हणाल्या, जमेल तुला.

तरी मन लागत नाही. तू खाली उतरायचीच बंद झालीस म्हणे. नोकरी सोडून आले तर रागावशील?

उत्तराची वाट बघते, माया कळव.
तुझी भिंगरी

ता. ७ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

शाबास गं माझी बाय. अख्ख्या मजल्याला सांगून आले, जिना झेपत नसला तरी व्हरांडा आहे.

रागावेन. डॉक्टर घरी येऊन छाती तपासून गेले, औषध बदललंय, रात्री झोप लागते. जाता जाता त्यांना दोन इंग्रजी वाक्यं विचारून घेतली. शब्द त्यांचे, मधली खूण माझी :

आय ॲम वेल; यू स्टे देअर.

दोन्हीकडून झाकून बघितलं. दोन्ही उभी आहेत.

आशीर्वाद पुरून उरतील इतके.
तुझी आजी